क्रिएटिनीन १.१ : दारूजन्य यकृतविकारात किडनी मोजताना

दारूमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांची लक्षणं आणि त्यांच्या किडनीचं काम, असा अभ्यासाचा विषय मिळाला तेव्हा काम सरळ वाटलं होतं. रुग्ण दाखल झाला की तपासायचा, रक्त पाठवायचं, क्रिएटिनीन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो पदार्थ) लिहायचं आणि शेवटी तक्ता करायचा. तक्ता झाला, जमा झाला, त्यावर सह्याही झाल्या. मधल्या काळात जे जे अडलं ते फिरून फिरून एकाच जागी येत होतं: या रुग्णांत क्रिएटिनीनचा एकच आकडा जवळजवळ काही सांगत नाही. दोन आकड्यांमधला फरक सांगतो. हे सुरुवातीला पुरतं उमगलं असतं तर प्रोफॉर्मा, म्हणजे नोंदींचा फॉर्म, दोनदा छापावा लागला नसता. ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

पहिला रुग्ण नोंदवण्याआधी बराच वेळ व्याख्या ठरवण्यात गेला. जुन्या लेखांत 'किडनी निकामी' म्हणजे क्रिएटिनीन डेसिलिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर, अशी सरळ रेघ सापडते. सोयीची आहे, म्हणून मोह होतो. २०१५ साली इंटरनॅशनल क्लब ऑफ असायटिस या जलोदराच्या तज्ज्ञांच्या गटाने सिऱ्होसिसच्या (यकृत व्रणांनी घट्ट झालेल्या) रुग्णांसाठी ती रेघ काढून टाकली. नव्या निकषात ४८ तासांत क्रिएटिनीन ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं, की त्याला किडनीची तीव्र इजा म्हणजे एकेआय म्हणायचं. दुपटीपर्यंत पहिली पायरी, दोन ते तीन पट दुसरी, तिपटीच्या वर तिसरी. पहिल्या पायरीतही १.५ च्या खाली १-अ आणि वर १-ब, कारण दोघांचं पुढचं भवितव्य सारखं नसतं.

रेघ का काढली हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. क्रिएटिनीन स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून तयार होतं आणि क्रिएटिन तयार होण्याची शेवटची पायरी यकृतात असते. कारखाना यकृतात, गोदाम स्नायूंत. या आजारात कारखाना मोडकळीला आलेला असतो आणि गोदाम रिकामं झालेलं असतं. त्यामुळे किडनी निम्म्या कामावर आली तरी क्रिएटिनीन ०.९ किंवा १.० वर निवांत बसून राहतं. वयाच्या हिशेबाने किडनीचा वेग काढणारी सूत्रंही याच आकड्यावर उभी असतात, म्हणून तीही गोड बातमीच देतात. युरियावर विसंबावं तर तोही यकृतातच तयार होतो. यकृत थकलेलं आणि पोटात प्रथिनं कमी गेलेली असतील तर युरिया कमी येतो, आणि आतड्यात रक्तस्राव झाला असेल तर किडनी ठीक असूनही वाढतो.

एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव गेला आणि पहिल्या फेरीत परत आला. आक्षेप रास्त होता: रुग्ण गुंगीत असेल तर संमती कोण देणार? यकृताच्या आजारातला भ्रम आणि दारू सुटल्यावरचा भ्रम, दोन्ही याच रुग्णांत दिसतात, आणि अशा सगळ्यांना वगळलं तर सर्वात आजारी रुग्णच अभ्यासाबाहेर जातात. उपाय नेहमीचाच आहे, फक्त तो कागदावर असावा लागतो. आधी कायदेशीर प्रतिनिधी असलेल्या नातेवाइकाची सही, आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सगळं समजावून त्याची स्वतःची संमती. तो नको म्हणाला तर नोंद काढून टाकायची. दुसरी एक गोष्ट पहिल्याच अर्जात घालून ठेवा: उरलेला सीरम आणि लघवी उणे ८० अंशांवर जपून ठेवण्याची परवानगी. पुढे सिस्टॅटिन सी (किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं प्रथिन) किंवा लघवीतलं एनगॅल (किडनीच्या नळ्यांच्या इजेची खूण) तपासावंसं वाटतंच. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा बैठक, पुन्हा वाट, आणि मधल्या रुग्णांची सॅम्पलं कायमची हुकलेली. स्नायू आटल्याचा सिस्टॅटिनवर क्रिएटिनीनइतका परिणाम होत नाही, एवढ्यासाठीच तो हवासा वाटतो.

रुग्ण किती घ्यायचे, याचं गणित छोटं आहे. शंभरात तीस जणांना किडनीचा त्रास असेल असं गृहीत धरलं आणि दहा टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.३ गुणिले ०.७ भागिले ०.०१, म्हणजे ८१ जण. त्यावर गळतीचे वाढवायचे. या आजारात गळती मोठी असते: सल्ला न मानता घरी गेलेले, दुसऱ्या रुग्णालयात हलवलेले, आणि दुसरा क्रिएटिनीन घेण्याआधीच दगावलेले. शेवटच्या गटाला 'माहिती अपुरी' म्हणून गाळणं ही या विषयातली सर्वात सोपी आणि सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण बहुधा त्यांचीच किडनी सगळ्यात वाईट असते.

मग प्रत्यक्ष रुग्ण. पहिला प्रश्न दारूचा, आणि तोच सर्वात जास्त वेळ खातो.

'काका, शेवटची कधी घेतली?'
'सोडलीय आता.'
'कधीपासून?'
'परवापासून.'

हे 'परवापासून' केस पेपरवर 'दारू सोडली आहे' असं उतरतं आणि सगळं वर्गीकरण चुकतं. तारीखच लिहा. दारूजन्य हेपॅटायटिसच्या (यकृताच्या सुजेच्या) निकषांत शेवटचा पेला आणि कावीळ यांच्यात साठ दिवसांपेक्षा कमी अंतर असावं लागतं. कावीळ गेल्या आठ आठवड्यांतली, पिणं सहा महिन्यांहून जास्त काळाचं, पुरुषांत दिवसाला ६० ग्रॅमच्या आणि बायकांत ४० ग्रॅमच्या वर, बिलिरुबिन (काविळीचा पिवळा पदार्थ) तीनच्या वर, एएसटी ५० च्या वर पण एएसटी आणि एएलटी ही यकृताची दोन्ही एन्झाइम ४०० च्या आत, आणि एएसटी एएलटीच्या दीडपटीहून जास्त. एन्झाइम हजाराच्या घरात असतील तर दारूवर खापर फोडून थांबू नका. पॅरासिटामॉलचा जास्त डोस, विषाणू किंवा रक्तदाब घसरून यकृताला बसलेला फटका शोधा.

'पेग', 'बाटली' हे शब्द हिशेबाला निरुपयोगी. मिलिलिटर गुणिले टक्केवारी भागिले शंभर, गुणिले ०.८ म्हणजे ग्रॅम. ४२ टक्क्यांची १८० मिली म्हणजे साधारण ६० ग्रॅम, आणि पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे २० ग्रॅम. 'रोज किती?' असं विचारलं की उत्तर 'थोडी' येतं. 'सकाळी उठल्यावर लागते का?' इथून सुरुवात केली की माणूस मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट प्रश्नावली शांतपणे भरून घेतली तर बरीच माहिती आपोआप येते. आठ किंवा त्याहून जास्त गुण धोक्याचा. नातेवाइकांना वेगळं विचारा, रुग्णासमोर नको.

शेवटच्या पेल्याची वेळ आणखी एका कारणासाठी लागते. दारू सुटल्यावर थरथर सहा ते चोवीस तासांत सुरू होते, फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, आणि खरा भ्रमिष्टपणा साधारण ४८ ते ९६ तासांदरम्यान. फिट आली किंवा रुग्ण तासन्तास एकाच कुशीवर पडून राहिला तर स्नायू तुटतात आणि त्यातला मायोग्लोबिन किडनीत अडकतो. लघवीच्या पट्टीवर रक्त 'तीन प्लस' आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी एकही नाही, असं दिसलं की सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) पाठवा. अशा रुग्णाला हेपॅटोरीनल, म्हणजे यकृताच्या आजारामुळे निरोगी किडनीचं काम थांबलेला, ठरवलं तर आठवडा फुकट जातो.

तपासणीत काय शोधायचं ते सगळ्या पुस्तकांत आहे, त्यामुळे फक्त जिथे हात चुकतो तेवढंच. कोळ्याच्या जाळ्यासारख्या नसा छातीच्या वरच्या भागात, मानेवर आणि दंडावर बघायच्या. मधला ठिपका पेन्सिलीच्या टोकाने दाबला की सगळं जाळं पांढरं पडतं आणि सोडल्यावर मधूनच भरतं. हे भरणं बघितल्याशिवाय 'आहे' लिहू नका. तळहात लाल, कानाखालची गाठ सुजलेली, छातीची वाढ, काखेतले केस गेलेले, बोटं तळव्याकडे ओढलेली: ही दीर्घकाळच्या पिण्याची चिन्हं, किडनीचं काही सांगत नाहीत. किडनीचा अंदाज देणारी चिन्हं दुसरीच आहेत. रक्तदाब कमी, नाडी जलद, हातपाय गरम, पोट ताणलेलं, आणि दंडाच्या स्नायूंचा घेर गेलेला. कुशीवर वळवल्यावर पोटातला बद्द आवाज सरकायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. त्याआधीचं पाणी सोनोग्राफीत दिसतं. हातांची फडफड बघताना मनगटं मागे वळवून निदान अर्धा मिनिट थांबा. पाच सेकंदांत 'नाही' लिहिणारे फार.

दारू सुटल्याची थरथर आणि यकृताची फडफड एकाच रुग्णात असू शकते. थरथर बारीक आणि सतत असते. फडफडीत हात क्षणभर ढिला पडतो आणि परत सावरतो.

दाखल झाल्यावर पहिल्या रक्तात सीबीसी, बिलिरुबिन, एएसटी-एएलटी, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप), सोडियम-पोटॅशियम, युरिया, क्रिएटिनीन, साखर, हिपॅटायटिस बी आणि सी. मधुमेह आणि रक्तदाब नक्की विचारा. किडनी आधीपासून खराब असेल तर सगळं चित्र बदलतं. सोनोग्राफीत किडनीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. 'नॉर्मल' हा शब्द नंतर कामाला येत नाही.

आता तो आकडा. समजा रुग्णाचं क्रिएटिनीन १.१ आलं. लॅबच्या कागदावर सामान्य मर्यादा १.२ पर्यंत, त्यामुळे आकड्यापुढे तारा नाही, ठळक अक्षर नाही. राऊंडमध्ये 'आरएफटी (किडनीच्या तपासण्या) नॉर्मल' म्हणून पुढे जायचं. आता नातेवाइकाच्या पिशवीतल्या जुन्या कागदांत दोन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट सापडतो: ०.७. वाढ ०.४ ची, म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक सहा पट. ती वाढ गेल्या आठवड्यातली मानायला जागा असेल, तर ही एकेआयची १-अ पायरी आहे आणि आजच डायुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) थांबवायला हवं. मूळ आकड्यासाठी गेल्या तीन महिन्यांतला कोणताही रिपोर्ट चालतो. एकाहून जास्त असतील तर दाखल होण्याच्या सर्वात जवळचा. काहीच नसेल तर दाखल होतानाचा. म्हणून दाखल करतानाच नातेवाइकांना सांगून ठेवा की जुने सगळे कागद, अगदी दुसऱ्या आजाराचेसुद्धा, घेऊन या. दुसऱ्या दिवशी मागितले की 'घरी आहेत' आणि तिसऱ्या दिवशी 'सापडत नाहीत'.

आकडा खोटाही असू शकतो. बऱ्याच लॅबमध्ये क्रिएटिनीन जाफेच्या पिक्रेट पद्धतीने मोजतात. बिलिरुबिन खूप वाढलेलं असेल तर या पद्धतीत क्रिएटिनीन खरं असतं त्याहून कमी दिसतं. उलट, उपाशीपोटी पिऊन आलेल्या रुग्णाच्या रक्तात किटोन साचलेले असतील तर ते जास्त दिसतं, आणि सलाईन-ग्लुकोजने किटोन गेले की 'किडनी सुधारली' असं वाटतं. (ग्लुकोजआधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, हे वेगळं सांगायला नको.) एन्झाइमॅटिक पद्धतीत हा त्रास बराच कमी. निदान एकाच रुग्णाचे सगळे आकडे एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. एक सॅम्पल आतल्या लॅबमध्ये, रात्रीचं बाहेरच्या, असं झालं तर ०.३ चा फरक यंत्रातूनच येऊ शकतो आणि तुमची व्याख्या तर बरोबर ०.३ वर उभी आहे.

पहिल्या दिवशीच पोटातलं पाणी तपासायला घ्यायचं. ताप नाही, पोट दुखत नाही, तरीही. हा मुद्दा अभ्यासासाठी नाही, रुग्णासाठी आहे: पाण्यातला जंतुसंसर्ग अनेकदा काहीच बोलत नाही, आणि पहिली खूण म्हणून क्रिएटिनीन वाढतं. आयएनआर वाढलेला आहे म्हणून तपासणीचं टॅपिंग टाळायचं नसतं. सुई डाव्या बाजूला खाली, नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून साधारण तीन सेंटिमीटर आत आणि तितकीच वर. आधी जागा बोटांनी ठोकून बद्द आवाजाची खात्री करा, वाढलेली प्लीहा तिथवर येत नाही ना बघा. कातडी थोडी खाली ओढून मग सुई टोचली की सुई काढल्यावर दोन्ही भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि पाणी झिरपत नाही. पाणी येताना सिरिंज हळू ओढा. जोराने ओढली की आतड्याचा पदर सुईला चिकटतो आणि धार बंद होते. पहिली सिरिंज पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या टोपीच्या नळीत. दुसरी दहा मिली थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत, तिथेच पलंगाशेजारी, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. साध्या निर्जंतुक डबीत पाठवलेल्या पाण्यात जंतू उगवण्याचं प्रमाण त्याहून बरंच कमी. तिसरी अल्ब्युमिनसाठी, आणि त्याच दिवशीचं रक्ताचं अल्ब्युमिन. दोघांतला फरक १.१ ग्रॅम किंवा जास्त म्हणजे पोर्टल, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या नसेतल्या, वाढलेल्या रक्तदाबाचं पाणी.

न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक म्हणजे संसर्ग धरायचा, कल्चरची वाट बघायची नाही. पाणी रक्ताळलं असेल तर दर २५० लाल पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा. लॅबने फक्त एकूण पेशी लिहून पाठवल्या तर फोन करून टक्केवारी विचारा. संसर्ग ठरला की अँटिबायोटिकबरोबर अल्ब्युमिन: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एवढ्याने किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं होतं. या विषयात इतका स्वच्छ फरक दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतो.

लघवीचं सॅम्पल हा आमचा सर्वात मोठा गोंधळ. सॅम्पल डायुरेटिकच्या आधी घ्यायचं असतं. फ्युरोसेमाइड दिल्यानंतर लघवीतल्या सोडियमला अर्थ राहत नाही. प्रोफॉर्म्यात 'लघवी पाठवली' असा रकाना होता, पण 'औषधाआधी की नंतर' हा नव्हता. पहिली छपाई तिथेच बाद झाली. किडनीने गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत जातं, त्याचा हिशेब असा: लघवीचं सोडियम ८, रक्ताचं १२८, रक्ताचं क्रिएटिनीन २.०, लघवीचं १२०. आठ गुणिले दोन, भागिले (१२८ गुणिले १२०), त्याला शंभराने गुणा: ०.१ टक्का. किडनी सोडियमचा कण न् कण धरून ठेवते आहे, म्हणजे तिच्या नळ्या शाबूत आहेत, रक्तपुरवठा कमी आहे. ०.२ च्या खाली हेपॅटोरीनलकडे कल. नेहमीच्या रुग्णांतली एक टक्क्याची रेघ इथे वापरू नका. सिऱ्होसिसमध्ये किडनी सोडियमला इतकी चिकटलेली असते की नळ्या मेलेल्या असतानाही आकडा एकच्या खाली राहू शकतो.

सूक्ष्मदर्शक स्वतः बघितला पाहिजे. ताजी लघवी, दोन तासांच्या आतली, दहा मिली, १५०० फेऱ्यांवर पाच मिनिटं. वरचं ओतून टाकायचं, तळाशी अर्धा मिली ठेवून नळी टिचकीने हलवायची आणि एक थेंब काचेवर. काविळीत सगळंच पिवळं दिसतं: पेशी पिवळ्या, कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे) पिवळे, आणि नवशिक्याला प्रत्येक पिवळा कास्ट म्हणजे नळ्या मेल्याची खूण वाटते. तसं नाही. बिलिरुबिनने रंगलेले कास्ट हेपॅटोरीनलमध्येही असतात. चिखलासारखे तपकिरी, जाड, कडा तुटलेले दाणेदार कास्ट भरपूर दिसले तर मात्र नळ्यांची इजा धरा. लाल पेशी असतील तर आयजीए (एक प्रतिपिंड) आठवा: दारूच्या सिऱ्होसिसमध्ये यकृत आयजीए नीट उचलून टाकत नाही, ते किडनीच्या गाळणीत साचतं. बहुतेकदा त्याचा त्रास काही नसतो, पण थोडं रक्त आणि थोडं प्रोटीन एवढा पुरावा ते सोडून जातं. बिलिरुबिन विसाच्या वर गेलेल्यांत पित्ताचे कास्ट नळ्या बुजवतात, हे आणखी एक कारण. लघवीच्या पट्टीचे रंग अशा लघवीत वाचता येत नाहीत. प्रोटीन-क्रिएटिनीनचं गुणोत्तर लॅबमधूनच करून घ्या.

क्रिएटिनीन वाढलेलं दिसलं की पुढचे ४८ तास ठरलेले आहेत. डायुरेटिक बंद. वेदनाशामक गोळ्या आणि अमिकासिनसारखी औषधं बंद. लॅक्टुलोज या जुलाबाच्या औषधाने दिवसाला आठ-आठ जुलाब होत असतील तर मात्रा कमी. दोन ते तीन मऊ शौच हे लक्ष्य आहे, त्याहून जास्त म्हणजे आपणच किडनीचं पाणी काढतो आहोत. रक्तस्राव शोधा, संसर्ग शोधा. मग अल्ब्युमिन, किलोमागे एक ग्रॅम, दिवसाला कमाल शंभर. साठ किलोच्या रुग्णाला साठ ग्रॅम, म्हणजे वीस टक्क्यांच्या शंभर मिलीच्या तीन बाटल्या. वजन पाण्यासकट धरायचं की सोडून, यावर दर वेळी वाद होतो. पोटात दहा लिटर पाणी असेल तर ते दहा किलो धरून डोस काढणं बरोबर नाही. अंदाजे कोरडं वजन लिहा आणि तो अंदाज आहे असंही लिहा. अल्ब्युमिन चालू असताना श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि छातीच्या तळाचा आवाज दिवसातून दोनदा बघायचा. फुप्फुसात पाणी भरलेला रुग्ण या टप्प्यावर आपण तयार करू शकतो.

२०१५ च्या निकषांत दोन दिवस वाट बघून मग हेपॅटोरीनल म्हणायचं होतं. २०२४ साली याच क्लबने एडीक्यूआय या किडनीतज्ज्ञांच्या गटाबरोबर काढलेल्या एकत्रित निवेदनात ही मुदत २४ तासांवर आली आणि अल्ब्युमिन प्रत्येकाला ठरावीक न देता गरज असेल तर द्यायचं झालं. लघवीचं प्रमाणही अधिकृतपणे व्याख्येत आलं: किलोमागे तासाला अर्धा मिली किंवा कमी, सहा तास. प्रोटोकॉल जुन्या निकषांवर असेल तर अर्ध्यात बदलू नका. दोन्हींचे रकाने ठेवा, मुख्य निष्कर्ष आधी ठरलेल्या व्याख्येवरच काढा. लघवी मोजायची तर कॅथेटर लागतो, कॅथेटर लागला की संसर्ग. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला मापाचं भांडं देऊन काम भागतं, फक्त रात्रपाळीला ते ओतून टाकलं जाणार नाही याची पाटी पलंगाला लावा.

हेपॅटोरीनल ठरलं तर अल्ब्युमिनबरोबर टर्लिप्रेसिन, हे नसा आवळणारं औषध. ईसीजी आधी. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर सुरूच करायचं नाही. बोटं निळी पडणं, पोटात कळ, छातीत दुखणं यांवर दर पाळीला नजर. एकेका डोसऐवजी दिवसाला दोन मिलिग्रॅमचा सततचा ड्रिप दिला तर कमी मात्रेत काम होतं आणि दुष्परिणामही कमी होतात. ते मिळत नसेल तर अतिदक्षता विभागात नॉरअॅड्रेनॅलिन. डायलिसिस करायचं की नाही हा प्रश्न, पुढे यकृतासाठी काही करता येणार आहे का, या प्रश्नाला बांधलेला असतो, आणि नातेवाइकांशी ते बोलणं मशीन लावण्याआधी व्हायला हवं.

हेपॅटोरीनलमध्ये किडनी स्वतः निरोगी असते, हे नातेवाइकांना पटवणं अवघड जातं. 'मग काम का करत नाही?' याला उत्तर म्हणून एक जुनी गोष्ट सांगता येते. ऑस्टिन फ्लिंटने १८६३ मध्येच लिहून ठेवलं होतं की जलोदराच्या रुग्णांची लघवी आटते पण किडनीत दोष सापडत नाही. आणि १९६९ मध्ये अशा मृत रुग्णांच्या किडन्या दुसऱ्यांना बसवल्या तर त्या काम करू लागल्या. रक्त आतड्यांच्या रुंदावलेल्या नसांत साचतं, शरीराला वाटतं रक्त कमी आहे, आणि किडनीच्या नसा आवळल्या जातात. एवढंच.

सातव्या दिवशी पुन्हा सगळी तपासणी. दारूजन्य हेपॅटायटिसची तीव्रता सांगणारा मॅड्रेचा गुण ३२ किंवा वर असल्यामुळे प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांत सातव्या दिवशीचं बिलिरुबिन चुकवू नका. त्याशिवाय स्टिरॉइडचा उपयोग होतोय का ते सांगणारा लिल गुण निघत नाही, आणि तो ०.४५ च्या वर असेल तर स्टिरॉइड थांबवायचं असतं. सातवा दिवस सुटीचा येतो तेव्हा हे रक्त राहतंच. दाखल होतानाच वहीत तारखा लिहून टाका: दुसरा दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा, नव्वदावा. नव्वदाव्या दिवसाच्या फोनसाठी दोन वेगवेगळ्या नातेवाइकांचे नंबर घ्या.

मास्टर चार्टमध्ये आलेल्या चुका लाजिरवाण्या होत्या पण नेहमीच्याच. बाहेरच्या एका रिपोर्टात क्रिएटिनीन मायक्रोमोलमध्ये होतं, ८८.४ ने भागायचं राहिलं आणि चार्टात ९७ असा आकडा बसला. न केलेल्या तपासणीत कोणी शून्य भरलं, कोणी रेघ मारली. डायलिसिस झालेल्यांचं नंतरचं क्रिएटिनीन सुधारणा म्हणून धरलं गेलं. क्रिएटिनीनचं वाटप एका बाजूला लांब शेपटीचं असतं, म्हणून सरासरीपेक्षा मध्यक द्या.

सांख्यिकीत एक खड्डा असा आहे की त्यात पडलेले लेख सहज सापडतात. मेल्ड (यकृताच्या आजाराची तीव्रता सांगणारा) गुण आणि क्रिएटिनीन यांचा संबंध काढायचा, तो अर्थातच जोरदार निघतो, आणि 'यकृताची तीव्रता वाढेल तशी किडनी बिघडते' असा निष्कर्ष लिहायचा. पण मेल्डच्या सूत्रातच बिलिरुबिन आणि आयएनआरबरोबर क्रिएटिनीन आहे. आरशात बघून जुळं सापडल्याचा आनंद. लिल गुणातही किडनीची बाजू आहे. चाइल्ड-प्यू या तीव्रतेच्या दुसऱ्या गुणात नाही: तिथे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, जलोदर आणि भ्रम, म्हणून तुलना करायची तर त्याच्याशी करा, किंवा बिलिरुबिन आणि आयएनआर वेगवेगळे घ्या. परीक्षकांचा पहिला प्रश्न नेमका हाच होता, आणि तोवर तो तक्ता काढून टाकलेला होता, हे नशीब.

कारणांचा रकाना भरणं शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणजे स्वच्छ जमलं नाही. पाण्याची कमतरता, संसर्ग, हेपॅटोरीनल, नळ्यांची इजा: एकाच रुग्णात आठवड्याभरात यातल्या तीन पायऱ्या होऊन जातात. दोन डॉक्टरांनी एकमेकांचं न बघता कारण लिहायचं, जुळलं नाही तर तिसऱ्याने ठरवायचं, आणि तरीही न ठरलेल्यांना 'अनिश्चित' म्हणून तसंच तक्त्यात दाखवायचं, एवढं करता येतं.

प्रोफॉर्म्याच्या दुसऱ्या छपाईत क्रिएटिनीनच्या रकान्याशेजारी चार बारीक चौकटी आहेत: सॅम्पलची वेळ, लॅबची पद्धत, त्या दिवशीचं बिलिरुबिन, आणि शेवटचं डायुरेटिक किती वाजता दिलं. चौथी चौकट सर्वात जास्त वेळा रिकामी राहिली.